परवाना मृणालीच्या नावावर

पेण,
बुधवार, २ जुलै २०२५

प्रिय मृणाली,

अनेक आशीर्वाद. नावाआधी ‘चि. सौ.’ लिहावं की नुसतं ‘चि.’, या विचारात माझा चहा गार झाला. शेवटी दोन्ही सोडलं. तू बरी असशील. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे पाऊस लागून राहिलाय, मूर्ती वाळत नाहीत आणि मी सगळ्यांवर खेकसतोय, म्हणजे सारं नेहमीसारखं आहे.

पत्राचं कारण हितेशचं आहे. कालपासून मागे लागलाय, “बाबा, तुमीच लिवा, तुमचं ऐकते ती.” तू त्याचा फोन घेत नाहीस, आणि मी फोन हातात घेतला की ओरडतो, म्हणून पत्र. आपला टेम्पोवाला हिरामण उद्या मूर्ती घेऊन तुमच्या रोह्याजवळच्या धाटावला निघालाय, त्याच्या हाती देतो.

तर, कारखान्यातला लॅपटॉप. पत्र्यातून त्याच्यावर पाणी गळलं. मग तुझ्या नवऱ्याने काय करावं? मूर्ती वाळवायचे आपले मोठे बल्ब आहेत ना, त्यांच्यासमोर नेऊन ठेवला, गौरींच्या दोन मुखवट्यांच्या मधे, दिवसभर! संध्याकाळपर्यंत गौरी खडखडीत वाळल्या आणि लॅपटॉपही. तो काही परत चालू झाला नाही. एसटी स्टँडजवळ शीतलचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिने त्याचा मदरबोर्ड बदलला. तुझे मूर्तींचे फोटो, ऑर्डरी, मंडळांचे नंबर, सगळं जसंच्या तसं मिळालं. हितेशने तिला पेढे नेऊन दिले.

पण पडद्याच्या कोपऱ्यात आता एक ओळ येते, विंडोज अॅक्टिव्हेट करा. शीतल म्हणाली, “काका, विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाला वळखत व्हता. आता त्याला वाटतं, ही मशीन दुसरीच हाय.” लॅपटॉपबरोबर आलेला परवाना असता तर बोर्डासोबतच गेला असता म्हणे. पण हा तू वेगळा विकत घेतलेला, तुझ्या खात्याला जोडलेला, म्हणून टिकला. तुझ्या खात्यातून ‘बोर्ड बदललाय’ एवढं कळवलं की काम झालं. त्यासाठी तुझा पासवर्ड हवा आणि तुझ्या मोबाइलवर येणारा कोड. हितेशला तेवढंच हवंय.

पत्र इथे संपवायचं होतं.

पण निघताना शीतलने मला बाजूला घेतलं. “काका, हा परवाना एका टायमाला एकाच मशीनवर चालतो. हितं लावला, तर वहिनींना तिकडं लावता नाय येणार. त्यांना लागंल ना?”

लागेल. मला ठाऊक आहे. तू हिरामणला गप्प राहायला सांगितलंस, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. माहेरच्या पडवीत तू स्वतःचा कारखाना मांडलास, शाडूच्या मूर्ती करायला घेतल्यास, कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणलास. ऐकून मला इतका आनंद झाला की मी हिरामणलाच ओरडलो.

तू का गेलीस, हे मी हितेशला परोपरीने सांगून पाहिलं. इतकी वर्षं ऑर्डरी तू आणल्यास, रंग तू ठरवलेस, आणि गिऱ्हाइकासमोर हा म्हणतो, “ती नुसती टायपिंग करते.” तो वाईट नाही गं. लॅपटॉपवरचं तुझं नाव बदलू का, असं शीतलने विचारलं, तर म्हणाला, “नाव ऱ्हाऊ दे तिचं.” पण हेच तुझ्यासमोर बोलायला त्याची जीभ रेटत नाही. ती रेटेपर्यंत तू वाट बघत बसावंस, असं मी म्हणणार नाही.

तेव्हा पासवर्ड देऊ नकोस. कोड आला तर कुणाला सांगू नकोस, मलाही नाही. परवाना तुझा आहे, तो तुझ्या मशीनला लाव. कारखान्यासाठी नवा घ्यायला मी शीतलला सांगून आलोय. हितेशला जेवताना सांगेन. तो धुमसत बसेल थोडे दिवस, बसू दे.

आणि एक. हिरामण सांगत होता, तुझ्या मूर्ती रंगून उभ्या आहेत, पण त्यांना डोळे नाहीत, आखणीला कारागीर मिळत नाही. मिळणार कुठून? आषाढात पेणमध्ये एकही हात मोकळा नसतो. मला विचारलं नाहीस. सासऱ्याला कामाला कसं बोलवायचं, असंच ना? वेडी आहेस. हितेशकडे डोळे आखायला भरत आहे, मीच तयार केलेला. तुझ्याकडे कोणी नाही. शिवाय तू गेल्यापासून मला या घरात करमत नाही, हेही लिहूनच टाकतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने माझे ब्रश घेऊन रोह्याला येतोय. डबा आणणार नाही.

तुझ्या कारखान्यात आखणीच्या कामावर रुजू होणारा,
दिनानाथ