नलिनीचा नववा नवरदेव

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

नेकनूर,
श्रावण वद्य ५, शके १८५७

चि. सौ. गंगासागर हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

आमी इकडं खुशाल हाव. तुझ्या सासूबाईंना शरणार्थ सांग. त्यांचा गुडघा कसा हाय? करडीच्या तेलात ओवा कढवून चोळ म्हणावं.

सोलापुराहून धाडलेलं पुस्तक पोचलं. ‘नलिनीचे नऊ नवरदेव’! रतनबाई नाव ऐकूनच म्हणली, "नऊ? अगं माय, हितं एकात नाकी नऊ आलेत." तुझ्या दाजींनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, कापडाच्या ठाणासारखं बोटांत चुरगाळलं, आन दुकानात गेले. त्यांचं तुला ठाऊकच हाय.

मी एकटीच वाचू जाणते, म्हणून रोज दुपारी दुकानामागच्या सोप्यात मोठ्यानं वाचते. पाटलाकडच्या चंद्रभागाबाई, रतनबाई, कौशल्याबाई, शेजारच्या केसरबाई आन त्यांची छबू, एवढ्या जणी येतात. कुणी ज्वारी निवडती, कुणी वाती वळती. आता आमच्या निजामाच्या मोगलाईत चार माणसं जमली की परवानगी लागती, हे तुला इंग्रजी अमलात बसून काय कळणार! तिसऱ्याच दिवशी चावडीवरून शिपाई म्हाळू आला, "बाया रोज कावून जमतात, इचारलंय." चंद्रभागाबाई दारात उभ्या राहिल्या. "पोथी लावलीय बाबा. ऐकायची आसंल तर पाय धुऊन बस." म्हाळू गेला. पर देवाचं नाव घेऊन खोटं बोललो म्हणून म्हातारीला झोप न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौरंग आणला, पुस्तकाला लाल फडकं गुंडाळलं, उदबत्ती लावली. तवापासून एक नवरदेव म्हणजे एक अध्याय. संपला की गूळ-खोबरं. आन पोथी लावली की मधी सोडायची न्हाई, हेही त्यांनीच बजावलं.

हसून हसून बेजार झालो बघ. ती पुण्याची नलिनी सायकलीवर बसती आन बापाला सांगती, माझा नवरा मीच बघून घेईन. एकाला चहाला बोलावती, तर तो बशीत असा फुरका मारतो की शेजारचं मांजर पळतं. एकासंगं टेकडीवर फिरायला जाती, तर तो कविता म्हणता म्हणता वहाण हरवून बसतो. वहाण हरवलेल्यासाठी कौशल्याबाई रडल्या. चंद्रभागाबाईंना एकच फिकीर, एवढे पाव्हणे आले तर पीठ किती शेर लागलं आसंल. केसरबाई म्हणल्या, "त्या पोरीच्या मायचं काईच कसं लिव्हलं न्हाई?" खरंच ग, काहीच न्हाई लिहिलेलं.

छबू तेवढी हसत न्हाई. सोळाची झाली. दसऱ्यानंतर तिला बघायला उमापूरचे लोक येणार हायेत. गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकती. परवा सगळ्या गेल्यावर मला म्हणती, "मावशी, हे खरंच छापलंय?" मी म्हणलं, होय ग. कोळशानं फरशीवर तिला बाराखडी काढून देते, पटकन धरती.

तुला म्हणून सांगते, वाचताना मी थोडं पदरचं घालते. कुठं लेखक पोरीला फार टोचून बोलला तर ते वगळते. कोण बघायला येतंय! नववा नवरदेव राहिलाय. सोमवारी समाप्ती. शेवट मी आधीच वाचून घेतला. मला न्हाई आवडला. बघू.

तुझी,
ताई


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

नेकनूर,
मार्गशीर्ष वद्य ३

चि. सौ. गंगासागर हिस आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं न्हाई. हात चालंना.

तू ते पुस्तक कावून धाडलंस ग? दुसरं काही मिळालं न्हाई का सोलापुरात? रुक्मिणीचं स्वयंवर धाडायचं होतंस. चार गोड ओव्या ऐकून बायका घरी गेल्या असत्या.

समाप्ती झाली. नवव्या नवरदेवाच्या अध्यायात नलिनीला बघायला लोक येतात. नाव विचारतात, चालून दाखव म्हणतात, पसंत म्हणतात. तवा ती मान वर करती आन म्हणती, "तुमी सगळ्यांनी मला बघितलं. मी तुमाला आवडले का, ते तुमी ठरवलं. पर तुमी मला आवडलात का, हे कुणी विचारणार हाय का?" आन तो नववा रागावत न्हाई. हसतो. म्हणतो, बरं झालं विचारलंस. उठून आपल्या हातानं तिला चहाचा कप देतो. रतनबाई ओरडली, "बाप्यानं? आन तिनं हातात घेतला?" चंद्रभागाबाईंनी उदबत्ती ओवाळली. छबूनं ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दसऱ्यानंतर उमापूरचे लोक आले. राधाकिशन भाऊंनी, म्हणजे छबूच्या वडिलांनी, ओसरीवर सतरंज्या टाकल्या. केसरबाईंनी मला मदतीला बोलावलं. गूळ-पाण्याचं ताट घेऊन मी दाराआड उभी होते. पोरगा बरा होता ग. कवळा, लाजरा. छबूला पाटावर बसवलं. नाव विचारलं, हात बघितले, चालवलं. पोराचा चुलता म्हणला, पोरगी पसंत हाय.

छबूनं मान वर केली.

शब्दाला शब्द म्हणली. पोथीतलं म्हणावं तसं. कुठं अडखळली न्हाई. आन म्हणून झाल्यावर त्या पोराकडं बघत राहिली. तो हसायची वाट बघत होती ती. मला दिसत होतं.

पोरानं खाली बघितलं. चुलता उठला. गूळ-पाणी न घेता सात माणसं चपला घालून गेली. अशी इज्जत गेल्यावर गावात काय राहतं? आठ दिवसांत नेकनूरपासून बीडपर्यंत झालं, राधाकिशनच्या पोरीनं नवऱ्या मुलालाच पसंत-नापसंत केलं. पुन्हा कुणी उंबऱ्याला आलं न्हाई. तुळशीचं लगीन झालं आन तेलगावच्या एका बिजवराला छबू दिली. बेचाळीस वर्षांचा हाय, तीन लेकरं हायेत. मांडवात वाजंत्रीबी नव्हती. जाताना माझ्या पाया पडली, आन कानात म्हणली, "मावशी, पोथी जपून ठेव."

पुस्तकानं पोरीचं वाटोळं केलं. एवढंच लिहायचं होतं.

ताई


॥ श्री ॥

नेकनूर,
पौष वद्य १०

गंगू,

तुझं पत्र वाचलं. तू तिथल्या वाचनालयातून ते पुस्तक आणून पुन्हा सगळं वाचलंस, आन लिहिलंस की नवव्या अध्यायात असं कुठंच न्हाई. नलिनी तसं बोलत न्हाई, कुणी चहाचा कप देत न्हाई. मग ताई, हे आलं कुठून, असं विचारलंस.

न्हाईच ते पुस्तकात. छापलेलं हाय ते असं, की नववा तिला हसतो, सगळ्या आठ जणांना बोलावून तिचं हसं करतो, आन बाप तिला रडत रडत एका म्हाताऱ्या वकिलाला देतो. खाली लेखक लिहितो, अति शहाण्या पोरींची हीच गत. त्या दिवशी ते पान उघडलं आन समोर छबू बसली होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. माझ्यानं वाचवलं न्हाई. पोथी मधी सोडता येत न्हाई, काहीतरी वाचणं भाग होतं. तोंडाला येईल ते म्हणत गेले.

तोंडाला येईल ते तरी कसं म्हणू? ते वाक्य मला पाठच होतं. मी बारा वर्षांची असताना आप्पांनी मला पाटावर बसवलं, तुझे दाजी समोर बसले, तवाचं ते मनात राहिलंय. तू तवा आईच्या मांडीवर होतीस. चोवीस वर्षं झाली. कापडाचं दुकान हाय आपलं, गंगू, आन मला कंचा रंग आवडतो हे त्या माणसानं अजून एकदाबी विचारलं न्हाई. माझी हौस मी पोरीच्या तोंडी दिली आन दाराआड उभी राहून बघितली.

हेबी कमी म्हणून की काय, आणखी एक हाय. मागच्या पत्रात लिहिलं न्हाई.

पाव्हणे गेल्यावर राधाकिशन भाऊंनी छबूला उभं केलं. "कुणी शिकवलं तुला हे?" सगळी बायामाणसं तिथंच होती. मी ताट धरून होते. छबूनं एकदा माझ्याकडं बघितलं आन म्हणली, "कुणीबी न्हाई. माझंच मला सुचलं." बापानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणली. मी एक शब्द बोलले असते, की भाऊ, हे मी शिकवलं, पोरीचा गुन्हा न्हाई, तर दोष माझ्यावर आला असता. पोर वाचली असती का? ठाऊक न्हाई. दोन शिव्या मला बसल्या असत्या, दाजींनी दार लावून घेतलं असतं. एवढंच. एवढ्याला मी भ्याले.

संक्रांतीचं वाण घेऊन केसरबाई तेलगावला गेल्या होत्या, त्या काल आल्या. माझ्याजवळ बसून रडल्या. नवरा मारत न्हाई म्हणे, पर बोलतबी न्हाई. छबू सवतीच्या लेकीच्या पाटीवर अक्षरं गिरवती आन आता जोडून वाचती. तिनं मला निरोप धाडलाय. केसरबाईंनी जसाच्या तसा सांगितला, "मावशीला म्हणावं, ती पोथी धाड. नलिनीनं इचारलं तर तो हसला, मी इचारलं तर उठून गेले. माझा एखादा शबूद चुकला आसंल. मला आता वाचता येतंय. कुठं चुकले ते बघते."

केसरबाई विचारत होत्या, "शिवकांताबाई, कंची पोथी वो?" मी म्हणलं, असंल काहीतरी.

गंगू, पुस्तक धाडलं तर तिला खरं कळंल. न धाडलं तर ती जन्मभर आपलाच शब्द शोधत बसंल. वाळवी लागली म्हणून सांगावं असं काल मनात आलं. मग मलाच माझी शिसारी आली. तू काही सल्ला देऊ नकोस. तुझं उत्तर येईस्तोवर मी पुन्हा भिऊन बसंन.

तुझी ताई


नेकनूर,
माघ शुद्ध ४

छबू बाळा,

मोठ्या अक्षरात लिहिते. सोपे शब्द घातलेत. बोट ठेवून हळूहळू वाच. एकटी असशील तवाच वाच.

रतनबाई माहेरी तेलगावला येतीय. तिच्याजवळ पुस्तक दिलंय. लाल फडकं तेच हाय.

शेवटचा अध्याय वाचशील तर घाबरू नको. तू ऐकलंस ते त्यात न्हाई. मी तुला छापलंय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तो चहाचा कप खोटा. हसणारा नववा नवरदेव खोटा. ते सगळं मी रचलं. मला तसं हवं होतं म्हणून रचलं.

तुझा एकबी शब्द चुकला न्हाई. मी दाराआड होते. मी ऐकलंय. शोधू नको.

काल मी तुमच्या ओसरीवर गेले. तुझ्या वडिलांना सांगितलं, छबूला ते मी शिकवलं. चार माणसं बसली होती, त्यांच्या समोरच सांगितलं. तुझे वडील म्हणले, "तवा कुठं गेलता तुमी?" तुझी आई चुलीपाशी होती. ती उठून आत गेली. आज दुपारी सोप्यात कुणी आलं न्हाई. चंद्रभागाबाई येऊन चौरंग घेऊन गेल्या.

तू माझं नाव घेतलं न्हाईस. बापानं दोनदा विचारलं, तरी न्हाई. मी तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, आन तू मला पदराआड घेतलंस.

एक गोष्ट नीट वाच. पुस्तकातल्या नलिनीनं तो प्रश्न विचारलाच न्हाई. मीबी कधी विचारला न्हाई. चार माणसांत मान वर करून तो विचारला तू एकटीनं.

पुस्तक वाचून झालं की चुलीत घाल. वाचणं मात्र सोडू नको. माझ्यावर रागव, मला शिव्या लिहून धाड. तुझ्या अक्षरातल्या शिव्या मी वाचंन.

त्या दिवशी ताट धरून गप्प उभी राहिली ती,
शिवकांता