किडनी वगळून बाकी सर्व

मी, खाली सही करणारी, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याची थोरली मुलगी, वय चोवीस, तत्त्वज्ञानाची पदवीधर आणि या घरातली पहिलीच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, विचार करून आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. बाबांचा आग्रह हा दबाव धरायचा का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "वडिलांचा आग्रह दबाव धरला, तर एकाही मुलीचं एकही कागदपत्र टिकणार नाही." याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढच्या आठवड्यात माझी एक किडनी काढून बाबांना बसवायची आहे, म्हणून आता करते.

कारण सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणी माझ्या डोक्यावर परिणाम झाला होता असे म्हणायला नको. माझी तब्येत उत्तम आहे. सगळ्या तपासण्या जुळल्या आहेत. बाबांना एक दिवसाआड डायलिसिस लागते आणि घरी आल्यावर जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीचा रंग तपासल्यासारखे करतात. ऑपरेशनला डॉक्टरांचा होकार आहे, आईचा आहे, माझा आहे. बाबांचा नाही. त्यांच्या सहीशिवाय पुढचे पान उलटत नाही.

त्यांनी डॉक्टरांना एवढेच विचारले होते, "पोरीला काही होणार नाही ना?"

"बहुतेक नाही," डॉक्टर म्हणाले.

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे शक्यता फार कमी असते."

बाबा उठले, चपला घातल्या. "डॉक्टरसाहेब, काटा दुरुस्त करून देताना मी गिऱ्हाइकाला 'बहुतेक बरोबर दाखवेल' म्हणालो असतो, तर आज दुकानाला कुलूप असतं."

घरी आल्यावर मी त्यांना समोर बसवून समजावले. पौर्वात्य तत्त्वज्ञान हा माझा खास विषय. सगळे अनित्य आहे, जे धरून ठेवावे तेच निसटते, खात्री मागण्यातच निम्मे दुःख आहे, पाणी मिळेल ती वाट घेते तशी आपण घ्यावी, हे मी दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत निवृत्त मंडळींना शिकवते. वर्गाचे नाव 'अनिश्चिततेशी मैत्री'. वर्ग दहाच्या ठोक्याला सुरू होतो. उशिरा येणाऱ्यांना आत घेत नाही.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ठीक आहे. आता मृत्युपत्र लिही."

"तुमचं?"

"तुझं. काहीही होऊ शकतं हे ज्याला खरंच पटलंय, तो आधी आवराआवर करतो. तुझं कपाट बघ एकदा. उघडलं की अंगावर येतं. नीट लिहून आण, मग सही करायची का ते बघतो."

त्यांचा अंदाज होता की मी लिहायला बसेन आणि माघार घेईन. म्हणून मी बसले.

कलम एक. हे किडनीचे होते. वकीलबाईंनी आडवी रेघ मारली. "मृत्युपत्र तुझ्या मागे लागू होतं. किडनी तू जिवंतपणी देणार. ती यात बसत नाही." मला जे कलम सर्वांत सोपे गेले होते तेवढेच गळाले. तरी यापुढे 'माझी सर्व मालमत्ता' म्हणजे किडनी वगळून बाकी सर्व, असे समजावे.

कलम दोन. घर माझ्या नावावर नाही. बाहेरच्या खोलीतली पडद्यामागची जागा आणि त्यातले टेबल मी धाकट्या भावाला देते. त्याला सगळे 'आलोच' म्हणतात, कारण तो हे म्हणतो आणि येत नाही. त्याला हे कलम वाचून दाखवले.

"ताई, म्हणजे खिडकी पण?"

"खिडकी भिंतीबरोबर येते."

"मग मी माझी गादी आत्ताच हलवू का? तू तशीही आठवडाभर हॉस्पिटलमध्ये असणार."

माझ्या वर्गात आसक्ती सोडा असे मी शांत आवाजात सांगते. त्याला मी काय सांगितले ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखे नाही. टेबल खिडकीकडे तोंड करूनच राहील, त्यावर कपडे टाकायचे नाहीत आणि चहाचा कप थेट लाकडावर ठेवायचा नाही, अशा अटी मी या कलमाला जोडल्या आहेत. वकीलबाई म्हणाल्या की मेल्यावर चहाच्या डागांवर लक्ष ठेवणे अवघड जाते. अटी तशाच ठेवल्या आहेत.

कलम तीन. बँकेतली माझी बचत आईला. व्यवस्था पाहण्याचे कामही तिलाच, कारण दुसऱ्या कोणाला नेमले तरी ती त्याला बाजूला करून स्वतःच पाहील. आईने हे एकदाच वाचले आणि म्हणाली, "पुन्हा असलं अभद्र लिहिलंस, तर जिवंत ठेवणार नाही." तिच्याकडे माझी एक पितळी वाटीही आहे. काठावर दांडी फिरवली की ती गुंजते आणि मन रिकामे होते, म्हणून मी ती आणली होती. आईने पहिल्याच दिवशी तिच्यात सेफ्टी पिना भरल्या. ती वाटी तिलाच, पिनांसह. मन रिकामे करण्याचा प्रयत्न या घरात यापुढे कोणी करू नये.

कलम चार. पदवीचे प्रमाणपत्र, काच आणि चौकटीसकट, वरच्या मजल्यावरच्या आत्याला. मी पास झाले तेव्हा ती म्हणाली होती, "चौकट छान आहे हो. आत काय आहे?" बाबांना किडनी द्यायला आधी तीच पुढे आली होती. तपासणीच्या सकाळी तिला शुगर असल्याचे तिच्या लक्षात आले. पुढे ती शुगर तिच्या लक्षात राहिली नाही. निदान आमच्याकडे गोड खाताना तरी नाही. प्रमाणपत्र तिने दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे लावावे.

कलम पाच. माझी पुस्तके आणि रविवारचा वर्ग निवृत्त पोस्टमास्तरांना. ते वर्गात झोपतात, पण वेळेवर येऊन झोपतात. मी ऑपरेशनचे सांगितले तेव्हा बाकीच्यांनी काळजी घ्यायला सांगितले. पोस्टमास्तरांनी तेवढे विचारले, "मॅडम, म्हणजे पुढच्या रविवारी अनिश्चितता नक्की आहे ना?"

कलम सहा. सोनाराचा छोटा तराजू. बाबांनी दुरुस्त केलेला पहिला; गिऱ्हाईक न्यायला आलेच नाही. मी पदवीधर झाले त्या दिवशी त्यांनी तो मला दिला. तो परत बाबांना, असे लिहायचे होते. लिहिता येईना.

हे कलम लागू होईल तेव्हा काय चित्र असेल, ते तोवर माझ्या डोळ्यांपुढे आले नव्हते. बाबा बरे झालेले असतील. जिना न थांबता चढतील. वर येऊन हा तराजू पुसतील. माझी किडनी त्यांच्या पोटात काम करत असेल आणि मी नसेन. डॉक्टरांच्या खोलीतून ते का उठले, हे मला तेव्हा कळले. वर्गात शिकवलेले एकही वाक्य मदतीला आले नाही. म्हणून जे आहे ते लिहिते. मला भीती वाटते. काय होईल हे मला माहीत नाही आणि ते माहीत नसणे मला अजून आवडलेले नाही. ते तसेच बरोबर घेऊन मी जाणार आहे. हे लिहिल्यावर भीती गेली नाही, पण तिच्याशी भांडणे थांबले. तराजू बाबांना.

कलम सात. साक्षीदारांविषयी. हे कलम दुकानात, सर्वांसमोर जोडले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; झाल्यास त्याचा वाटा रद्द होतो, असे वकीलबाईंनी सांगितले. हे ऐकताच पोस्टमास्तरांनी पेन उचलले. "पुस्तकं गेली तर गेली," असे म्हणून त्यांनी फारच उत्साहाने सही केली. दुसरा साक्षीदार मिळेना.

बाबा तोवर चष्मा लावून कागद वाचत होते, गिऱ्हाइकाची तक्रार वाचतात तसे, पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या कलमाशी थांबले.

"भीती वाटते असं लिहिलंयस."

"हो."

"खोडायचं नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग ठीक. त्या डॉक्टरला वाटत नव्हती, म्हणून मला शंका होती." त्यांनी हात पुढे केला. "पेन आणा इकडे."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही साक्षीदार झालात तर तुम्हाला तराजू मिळणार नाही."

"यातलं मला काहीच नको," बाबा म्हणाले. "यात जे बसत नाही म्हणालात ना तुम्ही, ते घेतो."

त्यांनी इथे सही केली आणि त्याच पेनाने हॉस्पिटलच्या संमतीपत्रावरही केली. सबब कलम सहा रद्द. तराजू तूर्त माझ्याकडेच राहील.

ठिकाण: वजनकाट्यांचे दुकान
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार

लिहून देणार: थोरली मुलगी (सही)

साक्षीदार १: निवृत्त पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार २: वडील, धंदा वजनकाटे दुरुस्ती. या मृत्युपत्रातून यांना काहीही मिळत नाही. (सही)