दहावी पुरी

११ फेब्रुवारी
नेपियर टाउनला गेली होती, गल्लीतल्या गेंदाबाईंना घेऊन. कोचिंग क्लासच्या वर बबलू भैयाचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, खोलीला आतून गाद्या ठोकल्या आहेत. पंखा बंद, म्हणे आवाज येतो. घाम पुसत पुसत गायलो.
तीन गाऱ्या झाल्या. बबलू भैयाला गारी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. पंगत बसली की पोरीकडच्या बायका समध्याचं, म्हणजे व्याह्याचं, नाव घेऊन त्याची टर उडवतात. समधी हसतो, नेगाचे पैसे देतो, हात धुतो. संपलं. त्याने मान हलवली. समजलं काही नसेल.
तिसरी गारी माझ्या मधूच्या लग्नातलीच, डिसेंबरात मी गायली होती ती. एका फटक्यात झाली. ढोलक मीच वाजवली. तो म्हणे, दीदी एक बार और. मी म्हटलं, घरी जाऊन कुकर लावायचा आहे, हेच चालव.

४ मार्च
होळीचे फाग, म्हणजे होळीची गाणी, वाजून राहिले गल्लीत. सगळे मोबाइलवरचे. ढोलक घेऊन कोणी बसलंच नाही या वर्षी. आपल्या बायकाही नाही.
ही वही मधूने लग्नाआधी दिली. आई, तुझी गाणी यात उतरव म्हणे. पाचवीपर्यंत शाळा माझी, अक्षर कोंबडीचं. गाणं लिहिलं की मेल्यासारखं दिसतं. म्हणून दुसरंच लिहून राहिली.

१७ एप्रिल
कांचघरच्या भाजीबाजारात भेंडी निवडत होती. टमाटरवाल्याच्या मोबाइलमधून माझा आवाज!

हरप्रसाद समधी पंगत में आए,
नौ पूड़ी खाईं, दस गिनाए।
दसवीं कहाँ गई रे, दसवीं कहाँ गई?
कुरता की जेब में, और कहाँ गई!

मी म्हटलं, भैया, ये मैंने गाया है. तो म्हणे, हओ दीदी, और मैंने ताजमहल बनाया है.
पण पाय हलेना तिथून. दोनदा ऐकलं.
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझं नाव आहे त्यावर?" नाही. बबलू भैयाच्या चॅनलचं आहे. गेंदाबाईंचं पण नाही. अख्ख्या गाण्यात माणसाचं नाव एकच, आपल्या व्याह्याचं. हे हसले. मीपण हसली.

६ मे
लग्नसराई. तीन आठवड्यांत सात वराती मोजल्या, सातही वरातींत दसवीं वाजलं. बँडवाले वाजवतात, पोरं ओरडतात, "कहाँ गई?" नवरदेव घोड्यावरून नाचतो. बुंदेली गाण्यांचं असं कधी पाहिलं नाही मी. आधी म्हणायचे देहाती आहे, बंद करा. आता डीजेवाला तेच मागतो.
पण माझी ढोलक काढून टाकली त्याने! मशीनची धमधम घातली. स्टुडिओत जाऊन भांडली. बबलू भैया म्हणे, "दीदी, पूरी गारी कौन सुनता है आजकल? तीस सेकंड का जमाना है."
बाकीचे अंतरे कापले. शेवटचाही. तो कापायचा नसतो. गारी शिव्यांवर सोडत नाहीत, शेवटी समध्याला गोड बोलून उठवायचं असतं:

हँसी-हँसी की बात जा, समधी मन ना लइयो,
बिटिया तुमाए द्वारे, नोनी राखियो।

पोर तुमच्या दारी आहे, नीट सांभाळा. त्याच्यासाठीच तर सगळं गायचं. त्याला म्हटलं, तू पानाला चुना लावला आन् कत्था विसरला. हसला. म्हणे पार्ट टू करते का.

२९ जून
मधूचा फोन. हळू बोलत होती, बाथरूममधून.
आई, दिवस गेले.
मी देवापाशी साखर ठेवायला उठली तर म्हणे, थांब, अजून आहे. बाबूजी, तिचे सासरे, फॅक्टरीत डबा नेत नाहीत आता. डबा उघडला की कँटीनमध्ये कोणी तरी म्हणतं, दसवीं कहाँ गई. सुटताना गेटवर झडती होते सगळ्यांची, रोजचंच, पण गार्ड त्यांच्याच कुर्त्याच्या खिशाला हात लावून म्हणतो, बाबूजी, दसवीं कहाँ गई? आन् लाइनीतले सगळे हसतात.
"आई, तू नाव काहून घेतलं त्यांचं?"
मी म्हटलं बबलूने केलं सगळं. फोन कट.

३ जुलै
मधूच्या सासरी, रांझीला जाऊन आली. पेढे घेऊन. व्याही खुर्चीत बसून होते, उठले नाहीत. एवढा जाडजूड हसरा माणूस, लग्नात पोट धरून हसला होता. विहीणबाई पाणी देऊन आत गेल्या.
ते सावकाश बोलले. ओरडले असते तर मी ओरडली असती. जसं बोलले तसं लिहिते, "समधन जी, पंगत में आपने गाया, मैं हँसा कि नहीं हँसा? हँसा. पंगत उठ गई. आपका गाना नहीं उठा. पैंतीस साल से फैक्टरी का स्टोर मेरे पास है. एक कील घर नहीं लाया. अब मार्च में रिटायर होऊँगा, तो लोग मेरी जेब याद रखेंगे."
मी म्हटलं, मजाक आहे, गारी आहे, तुम्ही तर बुंदेलखंडातले, तुम्हाला काय सांगायचं. म्हणे, "गारी होती तो आखिर का अंतरा भी होता."
पदर सावरून उठली.
निघताना म्हणाले, "बहू की जचकी यहीं होगी. मायके नहीं जाएगी." मधू दारात उभी. तिने माझ्याकडे पाहिलं पण नाही.
पहिली जचकी माहेरी असते. माझी झाली, माझ्या आईची झाली. मधूला तर सुईची पण भीती.
पेढ्यांचा डबा तिथेच राहिला, न उघडलेला.

९ जुलै
बबलू भैयाच्या मागे उभी राहून गाणं काढायला लावलं. बोट धरून. हे घे दीदी, हट गया, म्हणे. खाली उतरली तर जिन्यातच एका पोराच्या मोबाइलमध्ये वाजून राहिलं. परत वर गेली. तो म्हणे, "लोगों के पेनड्राइव में है दीदी, मैं घर-घर जाऊँ?"
नवीन रेकॉर्ड केलं, हरप्रसादच्या जागी नुसतं फलाने, म्हणजे अमकातमका. फलाने समधी पंगत में आए. शेवटचा अंतरा पण. टाकलं.

२० जुलै
फलानेवालं कोणी ऐकत नाही.

१५ ऑगस्ट
पाऊस. झेंड्याचे लाडू घेऊन गेंदाबाईंकडे गेली. सत्तरीची बाई, गारी मला यांनीच शिकवली, कांचघरला नवी नवरी म्हणून आली तेव्हा. मराठी पोरगी ढोलक वाजवते म्हणून कौतुक होतं माझं. आज बबलूला शिव्या देत होती मी, तर लाडू फोडत म्हणे,
"काय शोभा, झूठ काए बोल रई? हमने कही हती कि बाहर गाओ तो फलाने कहो. बबलू ने भी कही हती, एक बार और. तुमई को जल्दी हती."
हओ. मलाच होती. नाव पंगतीत घ्यायचं असतं, पंगतीबाहेर फलाने. दुधपितं पोर पण जाणते हे. मला माहीत होतं. जिभेवर हरप्रसाद बसला होता, तालात बसत होता, आन् मला कुकर दिसत होता. बबलू बिचारा परत घेऊ म्हणाला होता.
मधूला खोटं सांगितलं. लिहून ठेवते म्हणजे परत खोटं बोलता येणार नाही.

२ सप्टेंबर
मधूला सगळं सांगितलं फोनवर. म्हणे, "ठीक है." मराठीत पण नाही बोलली. रागात हिंदी बोलते ही, लहानपणापासून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी
नऊ दिवस देवीचे जस, म्हणजे नवरात्रातली गाणी, वाजले सगळीकडे, तेही धमधमवर. यंदाचं हिट म्हणे. एकदाही दसवीं ऐकलं नाही. वाटलं, गेलं. गाण्याचं असंच असतं, फागाला गारी खाते, गारीला जस. हे म्हणाले, "देवउठनी एकादशी होऊ दे. लग्नं लागली की परत येईल." ह्यांचं तोंड.

१२ नोव्हेंबर
देवउठनीच्याही आधी आलं परत. या वेळी पोरी पुऱ्या हातात घेऊन व्हिडिओ करतात. एकीने तर नऊ पुऱ्या मांडून दहावी खिशात घातली.
मधूला सहावा संपत आला. ओटीचं विचारलं तर म्हणे, बाबूजींना विचारून सांगते. दोन आठवड्यांपूर्वीही हेच म्हणाली होती.

२४ नोव्हेंबर
आताच आली, आधी लिहिते.
मागच्या गल्लीत लग्न. तिथल्या बाईने ओढून नेलं, दसवीं गाणारी हीच, म्हणून. माइक दिला. दोनशे माणूस. मी म्हटलं मशीन बंद करा, ढोलक आणा. आणली कुठून तरी, दोरी ढिली. ताणली.
वाटेतच ठरवलं होतं. हरप्रसादच्या जागी माझं नाव घातलं.

शोभा समधन पंगत में आई,
नौ पूड़ी खाईं, दस गिनाईं।

आन् ती दोनशे माणसं माझ्यावर ओरडली, "हरप्रसाद! हरप्रसाद!" त्यांना वाटलं मी चुकली. परत गायली, शोभा. परत ओरडले. लहान पोरं पण. मी जोरात, ते त्याहून जोरात. माझंच गाणं मला दुरुस्त करून राहिले.
शेवटचा अंतरा घेतला. बिटिया तुमाए द्वारे. अर्धे जेवायला उठले. पण घेतला पुरा. आवाज फाटला, फाटू दे.
गेंदाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या एकट्याच टाळी देत होत्या.

२७ नोव्हेंबर
त्याचाही व्हिडिओ निघाला. खाली लिहिलं आहे, आंटी गाना भूल गई. रांझीपर्यंत पोचला असेल. पोचू दे.

१ डिसेंबर
विहीणबाईंचा फोन, पहिल्यांदा स्वतःहून. सातला ओटीपुरतं मधूला आणतात. "संजा लों वापस ले जैहैं." संध्याकाळपर्यंत परत. व्हिडिओचं काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, व्याही येतील? म्हणे, ऑटोत तर बसतील.

७ डिसेंबर, दिवेलागणीला
आले. मधूचा चेहरा भरला आहे. पायाला सूज. हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, बायकांनी पाळण्यात बसवली. पाळणा म्हणजे ह्यांनी दारात बांधलेला झोपाळा, कुरकुरत होता, मला सारखी धाकधूक.
व्याही घरात आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी ऑटोत बसून राहिले, शाल पांघरून. ऑटोवाल्याला चहा पाजला पण स्वतः घेतला नाही. हे जाऊन आले. दोघं पंधरा मिनिटं ऑटोत शेजारी शेजारी बसले म्हणे.
मला राहवलं नाही. डबा भरला. बटाट्याची भाजी, कैरीचं लोणचं, पुऱ्या. पुऱ्या मोजल्या नाहीत, देवाशपथ. हाताला आल्या तेवढ्या घातल्या. झाकण लावताना लक्षात आलं की पुऱ्या आहेत! पोळ्या नव्हत्या घरात. ओटीचं जेवण, पुऱ्याच तळल्या होत्या. गेंदाबाई म्हणाल्या, "अब भेज दे, जो होए सो होए." ह्यांच्या हाती दिला आन् बायकांत येऊन बसली. कोण काय गात होतं ऐकू आलं नाही.
तासाने डबा परत आला. भाजी साफ. लोणच्याची फोड पण नाही. पुऱ्या साफ.
एक होती. मधोमध ठेवलेली. अख्खी.
विहीणबाईंना दाखवला डबा. म्हणाल्या, "बे थाली में दाना नईं छोड़त. कभऊँ नईं." ताटात दाणा टाकत नाही तो माणूस.
मग ही काय आहे? रागाने पाठवली, घे तुझी दहावी? का हसून? गेंदाबाई म्हणतात हसून. हे म्हणतात, चूप बस. मधूला विचारलं, तर आज पहिल्यांदा मराठीत बोलली, "आई, मला काय माहीत, मी घरात होते ना."
जायची वेळ झाली तर मधूच्या पायाची सूज बघून विहीणबाई ऑटोपाशी गेल्या, काही बोलल्या. व्याही उतरले. दारापर्यंत आले, उंबऱ्याबाहेर. माझ्याकडे नाही, झोपाळ्याकडे बघून म्हणाले, "सुबह आऊँगा." ऑटो दोघांना घेऊन गेला, मधू राहिली.
न्यायला येणार का बघायला, ते नाही सांगितलं. विचारायला गेली तर ह्यांनी हात धरला.
मधू आतल्या खोलीत झोपली आहे, तिच्या जुन्या पलंगावर. बॅग दारापाशीच ठेवली आहे. मी उचलून आत ठेवली नाही. जल्दी करायची नाही.
पुरी ताटलीखाली झाकली आहे. उद्या चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवते. बघू खातात का.