परातीतली अक्षरं

७ डिसेंबर, शनिवार
आज पकडले गेले! शनिवारच्या प्रशिक्षणाच्या वर्गात खिडकीबाहेर बघत तंद्री लागली होती. चिंचेवर ऊन हलत होतं आणि मी मनानं माकणीच्या धरणावर. वाचताना अडणाऱ्या लेकरांना शिकवायचं कसं ते आम्हाला शिकवणाऱ्या चन्नम्मा मॅडमनी नेमका माझ्याच हातात कागद दिला. "शिवकन्या, वाच मोठ्यानं. एक मिनिट."
अक्षरं मुद्दाम उलटीपालटी छापलेली, ओळी एकमेकींत घुसलेल्या. अडखळले. मागून कुणीतरी हसलं. कान तापले. मी — शाळेत कायम पहिली!
मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात घाम फुटला? काही हुशार लेकरं रोज हेच सोसतात."
परतीच्या बसमध्ये डोळ्यांपुढं एकच माणूस. माझा भाऊ, कुमारदादा.

८ डिसेंबर
लिहूनच टाकते. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नापास होत होत चौथीत माझ्याच वर्गात आला. गुरुजींचा नियम — ज्याला वाचता आलं त्यानं न आलेल्याचं नाक धरायचं आणि थोबाडीत मारायची. दादा अडला की मी हात वर करायची. धडाधड वाचायची. मग मारायची. माझा हात पोचायचा नाही, म्हणून दादा खाली वाकायचा.
त्या दिवाळीनंतर त्यानं शाळा सोडली, मेंढरांमागं गेला. आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विसरला असेल का? देवा, विसरलेला असू दे. पण त्याची माफी मागितल्याशिवाय मला कुणाच्या लेकराला शिकवायचा हक्क नाही, हेही कळतंय.

११ डिसेंबर
सरावाला प्रत्येकीनं एक लेकरू घ्यायचं. मी गल्लीतली दीपाली घेतली. दहा वर्षांची, तोंडाची तिखट, पुस्तक दिसलं की मात्र पोटात दुखतं. वाळूच्या ताटात बोटानं अक्षर गिरवून घ्या, असं मॅडमनी सांगितलंय. वाळू कुठनं आणू? परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, त्यात 'म' गिरवून घेतला. आई ओरडली, "अगं, पिठाचं खेळणं केलीस व्हय!" आणि त्याच पिठाच्या भाकरी थापल्या. आज आम्ही सगळ्यांनी 'म' खाल्ला!

१४ डिसेंबर
बसमध्ये डुलकी. स्वप्नात धरणाच्या पाण्यावर अक्षरं तरंगत होती. कुणालाच वाचायची घाई नव्हती.

१९ डिसेंबर
दीपाली आज रडली. 'ब' आणि 'व'. "सारखीच दिसत्यात गं ताई!"
दादा दारात कोकरू घेऊन उभा. म्हणाला, "कोकरू बी आईला बघून वळखत न्हाय. समदी मेंढरं सारखीच की त्येला. आवाजावरनं जातंय, वासावरनं." आणि गेला निघून.
मॅडमच्या तीन तासांचं सार यानं उंबऱ्यावर उभ्या उभ्या सांगितलं. उद्यापासून आधी आवाज, मग डोळे मिटून बोटानं अक्षर.

२८ डिसेंबर, शनिवार
काल दीपालीनं अख्खी ओळ वाचली! मी नाचायचीच बाकी होते. मॅडम खूश. पण माझ्या सरावाच्या वहीचं पहिलं पान त्यांनी परत दिलं. 'हे काम का निवडलं?' या प्रश्नाखाली मी 'सेवेची आवड' असं लिहिलं होतं. "हे तुझं नाही, शिवकन्या. खरं लिहून आण."

३० डिसेंबर, वेळ अमावस्या
सगळे रानात, काळ्या आईच्या पूजेला. सावलीला कडब्याची कोप, जेवायला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, माठात ताकातली आंबील. जेवून जो तो लवंडला. ज्वारीत वारा शिरला की सगळं शिवार झोपेत कूस बदलतंय असं वाटत होतं. दादा शेजारीच, टोपी तोंडावर घेऊन.
"दादा..."
"काय गं?"
"आंबील लई भारी झाली होती."
"झोप आता."
भित्री कुठली!

२ जानेवारी
खरं पान लिहिलं. नाक, थोबाडीत, त्याचं खाली वाकणं, सगळं. वही फळीवर ठेवली. मनात आलं, राहू दे इथंच, दादाला कुठं वाचता येतंय! आणि स्वतःची अशी लाज वाटली.
वही घेऊन मेंढवाड्यात गेले. मेंढरांच्या गर्दीत उभी राहून त्याला पान वाचून दाखवलं. पुन्हा मीच वाचणारी, आणि तो गप्प ऐकणारा. कोकराच्या पायातला काटा काढत राहिला, मान वर केली नाही.
"झालं वाचून?" एवढंच म्हणाला.

३ जानेवारी
बोलत नाही.

४ जानेवारी
आजही नाही. प्रशिक्षणाला गेले नाही.

५ जानेवारी
शिकवणी संपवून दीपाली घरी गेली. परात उचलायला वाकले, तर दादा समोर येऊन बसला. टोपी काढून बाजूला ठेवली. पिठात 'क' काढला, वाकडातिकडा. पुढं अडला. मग खाली वाकला, गाल माझ्यापुढं केला — आणि हसला!
"आधी शिकवा, बाई. मारायचं मग बघू."