ऑक्सिजनपुढचा दोन

अण्णा, आज नववीला रेणूंचा धडा शिकवला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. शाळेत तुम्ही रसायन हिंदीत शिकवायचात, घरी मला मराठीत. माझा गोंधळ व्हायचा, कारण हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. एकदा स्वयंपाकघरात आईजवळ बसून मी मॅग्नेशियम जळण्याचं समीकरण लिहिलं आणि ऑक्सिजन म्हणून नुसता O लिहिला. तुम्ही चहा खाली ठेवलात. "हवेत तो एकटा राहतो का गं? दोघं जोडीनं असतात, म्हणून O पुढे दोन. एकटे राहणारे वेगळे, हेलियम, निऑन, अर्गॉन." आवाज चढला नव्हता, तरी मी रडले. संध्याकाळी शनवाऱ्याच्या बाजारातून माझ्यासाठी नवं पेन आणलंत.

मग बऱ्याच वर्षांनी तुम्हाला लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं लिहीत राहिले तर थोडंफार परत येईल. म्हणून मी पाटी आणली. एका दुपारी तुमचे एक जुने विद्यार्थी निंबोल्याहून केळी घेऊन भेटायला आले. त्यांना बघून तुम्ही पाटी मागता, आणि कितीतरी वेळ लावून एकाखाली एक लिहिता: H, N, O, Cl. सगळे एकेकटे. कुणापुढेही दोन नाही. मग पाटी माझ्याकडे करता, तपासायला. पाहुणे खाली बघतात. मी चारही चिन्हांपुढे बरोबरची खूण करते. "बरोबर आहे, अण्णा." तुम्ही त्या खुणांकडे बघत राहता, मग माझ्याकडे. तळहातानं सगळं पुसता, पुन्हा एक O काढता आणि त्याच्या शेजारी खडू टेकवून बसता. तिथे काहीतरी हवंय एवढं तुम्हाला कळतंय. काय, ते येत नाही. तुमचा हात धरून मी तो दोन काढू शकले असते. पण मघाशी मी खोटं बोलले हे तुम्हाला कळलं असतं, म्हणून हातच उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खुणेनं पाटी मागितलीत. मी म्हटलं, पडली, फुटली. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही आठ महिने जगलात, पण पुन्हा काही लिहिलं नाहीत. आई विचारायची, नवी का आणत नाहीस? मी म्हणायचे, आणते.

हे कुणाला दाखवणार नाही, वहीतच राहील. पाटी फुटली नव्हती, अण्णा. तुम्हाला तसं बघणं मला सोसत नव्हतं, म्हणून मी ती कपाटावर ठेवली होती, तुमचा हात पोचणार नाही अशी.