एका खिळ्यावर एकच नियम

केडगाव,
मंगळवार

ती. इंदूताई,

धाकट्याचा नमस्कार. बेलापूरला तुझे गुडघे आणि भावजींचा रेडिओ (यांत कुरकुर कोणाची जास्त, ते तूच ठरव) बरे असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे उत्तम. मी तर फारच उत्तम, कारण परवापासून मी मोकळा झालो. तुझ्याच लेकीने मला मोकळं केलं, तेव्हा हकीकत तुला कळवणं भाग आहे.

सत्तावीस वर्षं मी या मंगल कार्यालयाचा मॅनेजर. दर लग्नसराईच्या आधी मी 'ही शेवटची' म्हणतो आणि मालक काकासाहेब हात जोडतात, "नाना, तुमी गेल्यावर आमी काय भिताडाला इचारायचं व्हय?" वास्तविक भिंतीला विचारायला हरकत नव्हती. दर्शनी भिंतीवर एक्केचाळीस नियम ऑइलपेंटने रंगवलेले आहेत. पण एखादा बदलायचा म्हणजे पेंटर गहिनीनाथला बोलवा, तो जुन्यावर पांढरा हात मारणार, मग वाळायची वाट बघा (तोवर दोन लग्नं बिननियमाची). नवव्या नियमावर इतके हात बसलेत की तो भिंतीतून बोटभर पुढे आला आहे. शिवाय भिंतीवर न मावलेले वीस-बावीस माझ्या डोक्यात.

दिवाळीत भार्गवी आली, तेव्हा काकासाहेबांनी तिला धरलं. पुण्यात एका बँकेत ती हेच करते म्हणे. कामकाजात रुतून बसलेले नियम उपसून वेगळे मांडायचे, म्हणजे एक बदलायला बाकीचं खणावं लागत नाही. तीन दिवस मला समोर बसवून तिने प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारला, "मामा, पण का?" ताई, या मुलीला लहानपणी तू इतकी उत्तरं द्यायला नको होतीस. चार नंबरची खोली वरपक्षाला द्यायची नाही. का? तर एकदा ऐन मुहूर्ताला कडी अडकून नवरदेव आतच राहिला. कडी त्याच आठवड्यात बदलली, नियम पंधरा वर्षं चालू. दोन आत्यांना समोरासमोरच्या खोल्या द्यायच्या नाहीत. का? तर एका घरातल्या दोघी भांडल्या होत्या. (त्यांचा समेट कधीच झाला. बाकी जिल्ह्यातल्या आत्या मात्र आमच्याकडे अजून लांब लांब उतरतात.) असे एकोणीस नियम तिने तिथल्या तिथे निकालात काढले. माझे दात उपटावेत तसं मला वाटलं.

उरलेल्यांच्या पाट्या झाल्या. एका खिळ्यावर एकच नियम, खाली तारीख आणि कारण. कारण संपलं की पाटी उतरवायची. मग माझ्या जागी जामखेडची रेश्मा आली, वय वर्षं चोवीस, आणि परवाच्या लग्नाला काकासाहेबांनी मला घरीच थांबायला सांगितलं. अडलं तर फोन करू, म्हणाले.

मी फोन मांडीवर घेऊन बसलो. (उत्सुकतेने नव्हे, टीपॉयवर जागा नव्हती.) बाराच्या सुमारास शेजाऱ्याकडून कळलं की वऱ्हाडाची बस सुप्याच्या पुढे बंद पडली आहे. म्हणजे साडेबाराचा मुहूर्त टळला. आता आमचा सगळ्यात जुना नियम असा, की लग्न लागायच्या आधी पंगत नाही. तो मीच केला, कारण एका लग्नात पाहुणे जेवून आधीच पसार झाले आणि अक्षता टाकायला आचारी उभे करावे लागले. आता भुकेली माणसं भडकणार, रेश्मा घाबरणार आणि फोन वाजणार, याची मला खात्री होती. वाजला नाही. दीड वाजता शर्ट चढवून मीच गेलो.

बघतो तर म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया निवांत जेवतायत. जुनी पाटी खाली, खिळ्यावर खडूने लिहिलेली नवी. मी काही बोलायच्या आत रेश्माच म्हणाली, "नाना, पाटीवर कारन लिवलंय की, पावने जेवून पळत्यात म्हनून. मंग ज्यांला पळता येत न्हाई, त्यांना बसवलं."

तीन वाजता लग्न लागलं, अक्षता टाकायला हॉल भरलेला होता. काकासाहेबांनी मलाही पंगतीत बसवलं. सत्तावीस वर्षांत मी तिथे पहिल्यांदा बसून जेवलो, आणि जेवण होईपर्यंत एकाही माणसाने मला काही विचारलं नाही. जिलबी चांगली होती. ताई, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. (वाढप्याला मी मसालेभात तिखट आहे असं सांगितलं.)

तेव्हा काळजी नसावी. डोकं रिकामं आहे, झोप उत्तम लागते. आता महिनाभर तुझ्याकडे येऊन राहतो. भावजींना नमस्कार.

तुझा मोकळा भाऊ,
यज्ञेश्वर

ता. क. महिनाभर जमेलसं दिसत नाही. रविवारी इथे मोठं लग्न आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, पण आपण जवळपास असलेलं बरं.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. भार्गवीने प्रत्येक पाटीच्या तळाशी 'बदलण्यापूर्वी कोणास विचारावे' अशी ओळ ठेवली आहे. मी चष्मा लावून सगळ्या पाट्या वाचल्या, सगळीकडे रेश्माचं नाव. तू भार्गवीला सांग, एका पाटीवर तरी माझं नाव घाल म्हणावं. मी म्हटलं असं सांगू नकोस, तुलाच सुचलं म्हण. कुठलाही नियम चालेल. फक्त जरा वरचेवर बदलावा लागणारा बघ.