मागची सीट नसलेली गाडी

बाबा, तुमची ती इंग्लिश गाडी घेतली मी. हो, तीच. बुटकी, लाल, उघड्या टपाची, जिच्यापायी तुम्ही पॉलिटेक्निकच्या पोरांना ड्रॉइंग शिकवता शिकवता भलतीकडेच वाहवत जायचात. इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये निम्मं गाव गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमध्ये असलं जुनं खूळ असतंच. शेजारच्या म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे तिच्यात बसता-उठता येईना, म्हणून त्याने विकायला काढली. नवरा म्हणाला, "यार, तू ऑफिसात दिवसभर ब्रेक टेस्ट करतेस, आणि हे डबडं घेणार?" मी म्हटलं, बाबांची आवड होती.

खरं तर तुम्ही नाकच मुरडलं असतंत. रद्दीवाल्याकडून आणलेल्या विलायती मासिकात तिचं चित्र दाखवत तुम्ही चिडून सांगायचात, की कंपनीने अमेरिकेत खपवायला म्हणून तिचा पार विचका केला. चकचकीत बंपर काढून काळे, जाड रबरी बसवले, गाडी उंच केली, स्टिअरिंग डावीकडे नेलं. "देखण्या पोरीला गमबूट घातले!" असं म्हणून तुम्ही कप दाणकन ठेवता, आणि ओट्यापाशी उभी आई म्हणते, "आधी आपल्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करा." तर माझी गाडी तीच, गमबूटवाली.

पण मला आईबद्दल सांगायचंय. तुम्ही गेल्यापासून ती कुठल्याच गाडीत पुढे बसत नाही. आपल्या गाडीत तुमच्या डावीकडे बसून ती संत्रं सोलायची, सिग्नल लागला की तुमच्या तोंडात फोड घालायची, आणि बिया तुम्ही खुशाल तिच्याच तळहातावर ठेवायचात. आता दर उन्हाळ्यात इकडे येते, आणि थेट मागे. पट्टा टोचतो, ऊन लागतं, रोज नवं कारण. नात म्हणते, "आजी, सिट इन फ्रंट ना!" की ही खिडकीबाहेर बघत बसते. शेजारची सीट रिकामी ठेवून, आरशात तिचा चेहरा बघत मी गाडी चालवते, बाबा, आणि मला रडू येतं. इतकी वर्षं झाली, माणसाने किती मागे बसायचं?

गेल्या रविवारी तिने गाडीला हळदकुंकू वाहिलं, ड्राइव्हवेवर नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी म्हटलं, चल, एक चक्कर मारू. ती गाडीकडे नीट बघायला लागली. "मागे कुठून चढायचं गं?"

"मागे सीटच नाही, आई. दोघांचीच गाडी आहे."

"मग तुम्ही दोघं जा." असं म्हणाली खरी, पण घरात गेली नाही. पदर खोचत, उलगडत तिथेच उभी. मग "कोपऱ्यापर्यंतच हं," म्हणून सवयीने डावीकडे गेली, दार उघडलं आणि बसली ती थेट स्टिअरिंगसमोर! इतकी वर्षं मागे बसून पुढे कुठल्या बाजूला काय असतं, याकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. "अगंबाई!" म्हणून खुदकन हसली, आणि मग उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. "म्हणजे मी ह्यांच्या जागेवर बसायचं?"

"हो," एवढंच म्हटलं मी.

ती उतरली, गाडीला वळसा घालून उजवीकडे आली आणि सीटवरून एकदा हात फिरवून बसली. लिंबं चिरडून आम्ही निघालो. कोपरा आला, गेला. पुढच्या सिग्नलला गाडी बंद पडली, तर हुबेहूब तुमच्या सुरात खेकसली, "क्लच दाब, क्लच! लक्ष कुठंय?" आणि तोंडावर हात ठेवून रडली, हसली, पुन्हा रडली. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून कबूल करते. तुमची आवड, तुमची आठवण, असं सगळ्यांना सांगितलं मी. पण बाबा, गाडी तुमच्यासाठी नाही घेतली. हिला मागची सीट नाही, म्हणून घेतली.